आत्या, मामा आणि अठ्ठेचाळीस व्होल्ट

इस्पितळाच्या फाटकापासून तपासणीच्या खोल्यांपर्यंत चढ आहे. चढ म्हणजे असा, की वर पोचेपर्यंत धडधाकट माणसालाही आपल्याला काहीतरी झालंय असं वाटायला लागतं. म्हणून कुणा भल्या गृहस्थाने गोल्फच्या मैदानावरून निवृत्त झालेली एक गाडी इस्पितळाला देऊन टाकली. दिली तेव्हाच तिचं वय झालं होतं. दोन माणसं बसली तर ती कशीबशी चढायची. तिसरं बसलं की मध्यावर येऊन कण्हत उभी राहायची, आणि मग पेशंट गाडीत आणि नातेवाईक मागून ढकलताहेत अशी वरात वर जायची. एकदा तर पेशंटच खाली उतरला होता. म्हणाला, मी ढकलतो, सासूबाईंना बसू द्या.

मेट्रनबाईंच्या डोळ्यांना हे खुपत होतं. मेट्रनबाई म्हणजे अख्ख्या इस्पितळाच्या सासूबाई. त्यांनी दहा ठिकाणी चौकशी केली आणि दहांनी एकच सांगितलं, की गाडीत सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या आहेत, त्या काढून आठ-आठच्या बसवा. सहा सक छत्तीस, सहा आठे अठ्ठेचाळीस. गाडीत पुन्हा जीव येईल. पण नुसत्या बॅटऱ्या बदलून भागत नाही. जोर वाढला की तो सोसणारं बाकीचं सगळंही बदलावं लागतं. पेडलचं ऐकून मोटारीला वीज सोडणारा कंट्रोलर नवा, जाड केबली नव्या, चार्जर नवा, दिव्यांसाठी वीज उतरवून देणारी डबी वेगळी. थोडक्यात, म्हातारीला नुसतं टॉनिक देऊन चालणार नव्हतं, तिच्या सगळ्या शिरा बदलायच्या होत्या.

हे काम करायला कुणी पुढे येईना, तेव्हा मेट्रनबाईंनी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या वायरमनकाकांना निरोप धाडला. काकांनी चाळीस वर्षं त्या इमारतीतली एकूण एक वायर स्वतःच्या हाताने ओढली होती. निरोप मिळाला तेव्हा ते जेवत होते. हात धुवायच्या आधीच त्यांनी हो म्हणून टाकलं.

"अहो, गाडी आहे ती," काकू म्हणाल्या. "पंखा नव्हे, पिशवीत घालून घरी आणायला."

"तेच म्हणतोय. तुला यावं लागेल."

काकूंना यावं का लागणार होतं, हे समजायला चाळीस वर्षं मागे जायला हवं. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता, आणि हे गृहस्थ बाजारातून टोमॅटो आणायचे ते निम्मे कच्चे. काकूंना वाटलं, वेंधळेपणा आहे, सुटेल. मग एकदा त्या स्वतः बरोबर गेल्या आणि पाहतात तो काय, हा माणूस प्रत्येक टोमॅटो अंगठ्याने दाबून बघतोय आणि दुकानदार कपाळाला हात लावून बसलाय. घरी आल्यावर काकूंनी ताटलीत एक पिकलेला आणि एक कच्चा टोमॅटो ठेवला आणि विचारलं, ह्यातला लाल कुठला?  नवऱ्याने उठून दाराला कडी घातली, खाली बसला आणि सांगितलं, की लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसतात. दोन्ही मातकट. पिवळा दिसतो, निळा दिसतो, ह्या दोघांचं मात्र जन्मापासून जमलेलं नाही. भरतीच्या दिवशी रंगांच्या पाट्या दाखवणारा कारकून रजेवर होता, म्हणून नोकरी लागली. "हे बाहेर कळलं," तो म्हणाला, "तर मला कुणी वायरीला हात लावू देणार नाही." एवढं बोलताना त्याचा आवाज फुटला होता. काकू तेव्हा वीस वर्षांच्या. त्यांनी दोन्ही टोमॅटो उचलून एकाच भाजीत चिरले आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

तिथून पुढे त्या घरात एक रीत पडली. इस्पितळात नवं काही आलं, घंटीचा बोर्ड असो, वाफेचं यंत्र असो, काका ते पिशवीत घालून घरी आणायचे. जेवणं झाली की वर्तमानपत्र पसरायचं. काकू एकेका वायरीचा रंग सांगायच्या आणि काका तिला पांढऱ्या दोऱ्याने गाठ मारायचे. लालला एक गाठ, हिरव्याला दोन. मग गाठी बोटांनी चाचपून ते अंधारातसुद्धा काम करायचे, आणि लोक म्हणायचे, काय हात आहे माणसाचा! गाठींबद्दल कुणी विचारलंच तर काका सांगायचे, जुन्या उस्तादांची पद्धत आहे. उस्तादबिस्ताद कुणी नव्हता. उस्ताद घरी भांडी घासत होता.

पण काही कामं घरी आणता येत नसत. तेव्हा काकू डबा घेऊन इस्पितळात जायच्या आणि चार लोकांदेखत रंग सांगायच्या. आता चारचौघांत लाल-हिरवं कसं म्हणायचं? त्यावर काकूंनीच तोड काढली. काकांची एक आत्या होती, तोंडाची अशी तिखट की ती बोलायला लागली की शेजारी खिडक्या लावून घेत. ती झाली लाल. काकूंचे एक मामा होते, ते आरामखुर्चीत बसले की दिवसभर हूं की चूं नाही. ते झाले हिरवे. तपकिरी रंगाचाही काकांना घोटाळा व्हायचा, त्याचं नाव त्यांनी मेहुणा ठेवलं, कारण तो धड इकडचा नाही आणि धड तिकडचा नाही. मग काका शिडीवर आणि काकू खाली डबा धरून उभ्या, असं संभाषण चालायचं:

"आत्या कुठे आहेत?"

"त्या काय, सगळ्यात वर जाऊन बसल्यात. मामा आपले खाली, कोपऱ्यात."

"आणि मेहुणा?"

"तो आत्यांच्या मागे लपलाय."

ऐकणाऱ्यांना वाटायचं, काय जिव्हाळ्याचं कुटुंब आहे! मेट्रनबाई तर येताजाता आत्यांची विचारपूस करायच्या. झाकली मूठ चाळीस वर्षं झाकलेली राहिली, आणि खऱ्या आत्या आपण लाल आहोत हे न कळताच वारल्या.

तर गाडीच्या कामाला पहिल्या दिवशी काकू गेल्या. फाटकाजवळच्या कोठीच्या पडवीत गाडी उभी होती, सीट उचलून बाजूला ठेवलेली, आणि खाली बॅटऱ्यांचा तो पोरका संसार. जुन्या केबलींवर पांढरं-निळं पीठ साठलं होतं. काकांनी सोड्याच्या पाण्याने सगळं धुऊन काढलं. नव्या कंट्रोलरच्या बारीक वायरी काकूंनी पालथ्या बादलीवर बसून वाचून दाखवल्या. तिथे गाडीचा चालकही होता. त्याला सगळे सारथी म्हणत. पन्नाशीचा गडी, अकरा वर्षं तीच गाडी चालवणारा. गाडीला तो सकाळी पुसायचा, दुपारी पुसायचा, आणि मध्ये कुणी नाव ठेवलं तर त्यालाही पुसून काढायचा. काकांवर त्याची भक्तीच होती.

"काका, ही एक गाठ म्हणजे काय हो?" त्याने विचारलं.

"एक म्हणजे लाल बाजू. दोन म्हणजे हिरवी." काका सहज बोलून गेले. एवढंच ते बोलले आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी जाड केबली कापल्या, टोकांना तांब्याचे डोळे, म्हणजे खुंटीत अडकवायच्या कड्या, दाबून बसवले. केबली सगळ्या काळ्याच, त्यामुळे रंगांचा प्रश्न नव्हता. त्यांनी प्रत्येकीला आपला दोरा बांधला, मोटारीच्या केबलींना तर नीट जपून बांधला, आणि संध्याकाळी घरी आले ते खूश होऊन. "उद्या तू नाही आलीस तरी चालेल," म्हणाले. "डबा तेवढा आण." काकूंचा गुडघा दोन दिवसांत सुजला होता, त्यांनाही बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते सारथ्याने नंतर काकूंना रडत रडत सांगितलं. तो पहाटेच येऊन बसला होता. काकांनी दोन दिवस घाम गाळला, आपणही काहीतरी करावं, असं त्याच्या मनात आलं. केबलींवरचे ते ग्रीस लागलेले, मळके दोरे त्याला बघवेनात. त्याने ते एकूण एक कापून टाकले, केबली पुसून लख्ख केल्या आणि जिथे एक गाठ होती तिथे लाल चिकटपट्टी, जिथे दोन होत्या तिथे हिरवी, अशा सुरेख पट्ट्या गुंडाळल्या. एकही चुकली नाही. मग काका आल्यावर त्याने हात पसरून दाखवलं, "बघा काका! आता कसं एका नजरेत कळेल!"

काकांनी एक नजर टाकली आणि त्यांची पाचावर धारण बसली.

बॅटऱ्यांच्या केबलींचं काही अडलं नाही. बॅटरीवर अधिक-उणं कोरलेलं असतं आणि मीटर खोटं बोलत नाही. पण मोटारीच्या दोन केबली राहिल्या, एक लाल पट्टीची, एक हिरव्या पट्टीची, आणि त्यांतली कुठली कुठल्या खुंटीला हे मीटरला सांगता येईना. त्या उलट लागल्या तर जळत काही नाही, फुटत काही नाही, फक्त गाडी पुढे म्हटलं की मागे जाते. सारथी शेजारी उकिडवा बसून कौतुकाने बघत होता. त्याला विचारणं म्हणजे अवघे दोन शब्द होते, "लाल कुठली?" पण जे दोन शब्द चाळीस वर्षांत तोंडातून गेले नाहीत, ते ऐन वेळी कुठून येणार? काकांनी फाटकाकडे बघितलं. काकूंचा पत्ता नव्हता. त्या सुजल्या गुडघ्याने वाटेत दोनदा कट्ट्यावर बसल्या होत्या. शेवटी काकांनी मनाशी म्हटलं, लावून बघू, चाकं जॅकवर उचलून फिरवली की कळेलच, नाहीतर बदलू. हे अगदी रास्त होतं. फक्त केबली लावून जॅक आणायला ते कोठीत वळले आणि तेवढ्यात मेट्रनबाई आल्या.

मेट्रनबाईंना दम कधीच नव्हता. सारथ्याने सीट जागेवर ठेवलेली दिसली, झालं. त्या चढून बसल्या आणि सारथ्याला म्हणाल्या, "चल, घे वर." आत कोठीतून काका ओरडले, "थांबा!" पण सारथ्याचा पाय तोवर पेडलवर पडला होता.

काकू नेमक्या त्याच वेळी फाटकातून आत शिरत होत्या. त्यांना दिसलं ते असं, की गाडीचं तोंड चढाकडे आहे, मेट्रनबाई चढाकडे बोट दाखवताहेत, आणि गाडी झपाट्याने काकूंच्याच अंगावर मागे मागे येते आहे. अठ्ठेचाळीस व्होल्टचा जोर होता तो, काही चेष्टा नाही. काकू बाजूला झाल्या, गाडी त्यांच्या समोरून गेली आणि मेंदीच्या कुंपणात जाऊन घुसली. लागलं कुणालाच नाही. मेट्रनबाईंची टोपी तेवढी कुंपणावर राहिली. फाटकाशी नाव नोंदवायला लागलेल्या रांगेतली माणसं आधी दचकली आणि मग, खरं सांगायचं तर, हसली.

त्या हसण्याने मेट्रनबाईंचा पारा चढला. "वायरींना हात कुणी लावला?"

सारथी खाली उतरला. खोटं बोलणं त्याच्या गावीही नव्हतं. "मी, बाई. पट्ट्या लावल्या फक्त. काकांना सोपं जावं म्हणून."

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही. धुलाईघरात जाऊन चादरी मोजायच्या."

 सारथ्याने गाडीच्या टपावर हात ठेवला आणि तिथेच उभा राहिला. अकरा वर्षांचा संसार मोडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

काका जॅक हातात घेऊन पोचले होते. त्यांचा चेहरा बघून काकूंना सगळं कळलं. धक्क्याने सरकलेल्या सीटखाली पट्ट्या दिसल्या, लाल केबल कुठे लागलीये तेही दिसलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचं तोंड आपोआप उघडलं. "अहो बाई, ह्यांचा चष्मा परवाच बदललाय, नंबर जरा चुकलाय..."

"थांब," काका म्हणाले.

काकूंचं खोटं त्यांनी जन्मात पहिल्यांदा तोडलं होतं. त्यांनी जॅक खाली ठेवला. "चष्म्याचं काही नाही. त्याच्या पट्ट्या बरोबर आहेत. चूक माझी आहे. मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून नाही कळत."

रांगेतलं हसू थांबलं. मेट्रनबाईंनी कुंपणावरची टोपी काढली, झटकली, पण डोक्यावर घालायला विसरल्या. "काका, ऑपरेशन थिएटरचं वायरिंग तुम्ही केलंय."

"केलंय."

"लहान मुलांच्या वॉर्डाचं?"

"तेही मीच."

"अहो, मग केलंत कसं?"

काकांनी बोट दाखवलं. "ही रंग सांगायची. मी गाठी मारायचो."

काकूंना वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. संपलं सगळं. आता उद्या सगळ्या इमारतीतले बोर्ड उघडले जातील, तपासले जातील, आणि ज्या माणसाला लोक हात जोडून नमस्कार करायचे त्याला बघून कुजबुज होईल. त्यांना नवऱ्याचा राग आला आणि त्याच्याबद्दल इतकं भरून आलं, की डबा कुठल्या हातात आहे ते कळेना.

 मेट्रनबाई बहुधा मनातल्या मनात चाळीस वर्षांचे दिवे तपासत होत्या. मग म्हणाल्या, "थिएटरचा दिवा एकदाही गेला नाही." पुन्हा थोडं थांबून, "एकदाही नाही." आणि मग त्या काकूंकडे वळल्या. "पण काकू, तुम्ही शिडीखाली उभ्या राहून काय सांगायचात? तुम्ही तर आत्यांबद्दल..."

"आत्या म्हणजे लाल," काकू हळूच म्हणाल्या.

"काय?"

"आणि मामा हिरवे."

"अहो, मी तीन वर्षांपूर्वी तुमच्या आत्यांच्या गुडघ्यासाठी मलम पाठवलं होतं!"

"ते मी लावलं," काकू म्हणाल्या. "चांगलं आहे. अजून थोडं मिळालं तर बघा."

पहिल्यांदा हसल्या त्या मेट्रनबाई, आणि एकदा त्या हसल्या म्हटल्यावर रांगेलाही परवानगी मिळाली. सारथी मात्र हसत नव्हता. तो काकांसमोर येऊन उभा राहिला. "काका, एक शब्द विचारायचा होतात. मी काय गावभर सांगितलं असतं?"

"चुकलंच," काका म्हणाले. "तुझ्यावर आलं नसतं तर आजही सांगितलं नसतं. खोटं कशाला बोलू."

"चादरी राहू देत," मेट्रनबाई सारथ्याकडे न बघता म्हणाल्या. त्यांच्याकडून माफी मागणं म्हणजे एवढंच असायचं. "गाडी बाहेर काढ आधी. आणि काकू, तुम्ही या इकडे. काय चुकलंय ते सांगा."

गाडी ढकलून कुंपणातून काढली. काकू सुजला गुडघा सांभाळत खाली वाकल्या. चाळीस वर्षं त्यांनी हे काम चोरून केलं होतं, डब्याच्या आडून, नात्यागोत्यांच्या आडून. आता वीस-पंचवीस माणसं बघत होती आणि मेट्रनबाई कंबरेवर हात ठेवून वाट बघत होत्या.  काकूंनी केबलीवर बोट ठेवलं आणि लख्ख आवाजात म्हणाल्या, "ही लाल. ही हिरवी. लाल वरच्या खुंटीला हवी होती."

काकांनी केबली बदलल्या. ह्या खेपेला आधी जॅक लावला, चाकं पुढे फिरताहेत हे सगळ्यांना दाखवलं, मगच गाडी खाली टेकवली. मेट्रनबाई पुढे सारथ्याशेजारी बसल्या आणि मागच्या सीटकडे हात करून म्हणाल्या, "बसा दोघं. चार माणसं घेऊन चढते की नाही, ते बघायचंय. आणि उद्या घंट्यांचा बोर्ड बघायला या, महिनाभर खरखरतोय. दोघंही या."

काकू त्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. इतकी वर्षं डबा घेऊन हाच चढ त्या पायी चढत आल्या होत्या. गाडी निघाली. ज्या मध्यावर ती दरवेळी उभी राहायची तिथे काकूंनी श्वास रोखून धरला, पण गाडी तिथून अशी गेली, जणू तिथे कधी थांबलीच नव्हती. मागे रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काका समोर बघत बसले होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

"सांगून टाकलंत सगळ्यांना," काकू हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता, अगदी खरा झाला होता, आणि तरी आत कुठेतरी काहीतरी हातातून सुटल्यासारखं वाटत होतं. "चाळीस वर्षं तेवढं एक होतं आपल्या दोघांतलं. आता काय राहिलं?"

काकांनी जरा विचार केला. मग ते त्यांच्या कानाशी झुकले.

"बॅटऱ्या अठ्ठेचाळीसच्या झाल्या," ते पुटपुटले, "पण ब्रेक अजून छत्तीसच्या वेगाचेच आहेत. वर पोचल्यावर, खाली उतरायच्या आत गुपचूप घट्ट करतो. तोवर कुणाला सांगू नकोस."

काकूंनी एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याची बाही घट्ट पकडली.

मेट्रनबाईंनी मागे वळून विचारलं, "काय हो, काय म्हणताहेत काका?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "डब्यात काय आहे, विचारताहेत."